अपाची टोपली आणि वाटीभर मेथी

कोणतीही वस्तू उलटी करून तिचं बूड पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास न ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला होता. दोहातल्या नजमा भागात आमची बिल्डिंग; तिच्यात मराठी घरं तीनच. पण त्या तिन्ही घरांत आणि आमच्या मराठी मंडळातल्या झाडून सगळ्यांत हे गृहस्थ 'मामा' म्हणूनच ओळखले जात. ते नक्की कोणाचे मामा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यांनीही कधी खुलासा केला नाही. वेस्ट बेमधल्या एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ते ड्रॉइंग तपासायचं काम करत. फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या आधीची ती वर्षं. सगळं शहर खणून ठेवलेलं, काल होता तो रस्ता आज नसायचा, आणि आमच्यापैकी निम्म्या घरांतली माणसं कुठल्या ना कुठल्या स्टेडियमच्या नाहीतर मेट्रोच्या कामावर होती. मामांच्या वाट्याला एका स्टेडियमचं छत आलं होतं. "इतक्या देशांच्या इंजिनियरांनी मिळून शेवटी कोंबड्या झाकायचं डालगंच काढलंय," ते मला अगदी गंभीरपणे म्हणाले होते, "आणि तेही काठाशी सैल आहे." अशीच टिप्पणी त्यांनी त्या ड्रॉइंगवर इंग्रजीत लिहून पाठवली होती म्हणे. काठाचं काय झालं ते मला माहीत नाही.

टोपली दिसली की मामांना राहवत नसे. मंडळाच्या गणपतीत पानं मांडून झाली होती, माणसं बसली होती आणि पोळ्या काही येईनात. मी आत जाऊन पाहते तर मामांनी टोपलीतल्या सगळ्या पोळ्या टेबलावरच्या कागदावर एकावर एक रचून ठेवलेल्या, आणि टोपली उपडी करून, चष्मा कपाळावर चढवून, तिच्या बुडाला जवळजवळ नाक लावलेलं. "मशीनची आहे," त्यांनी निकाल दिला आणि पोळ्या होत्या त्याच क्रमाने परत भरल्या. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच द्यायचं, असा तिचा बाणा. "आई, मामा इज डूइंग इट अगेन," ही बातमी ती मला दर समारंभात येऊन देत असे. जवळच्या मोठ्या दुकानातल्या नेपाळी गार्डला सुरुवातीला मामांचा संशय यायचा. पुढे पुढे तोच लांबून हाक मारून सांगायला लागला, "सर, नया बास्केट आया है, उधर, भाजी के पास." मामा त्याला अरबीत आभाराचं शुक्रन म्हणून भाजीकडे जायचे आणि मामी बिचाऱ्या ट्रॉली घेऊन तिथेच उभ्या राहायच्या.

या वेडाला खरा अर्थ आला तो त्यांच्या अमेरिकन साहेबामुळे. हा साहेब अ‍ॅरिझोनाचा, साठीला आलेला, उंच आणि मितभाषी. मामांच्या कामाचा वार्षिक आढावा घ्यायला त्याने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब त्यांच्या उणिवा वाचून दाखवत होता तेवढ्यात मामा उठले, त्याच्या मागच्या फळीवरची टोपली त्यांनी उचलली आणि उलटी केली. दुसरा कोणी असता तर मामांना तिथूनच मुंबईच्या विमानात बसवलं असतं. या माणसाने मात्र कागद बाजूला सारले आणि खुर्ची पुढे ओढली. ती टोपली अपाची बाईने विणलेली होती. अपाची म्हणजे त्याच्या भागातले मूळचे रहिवासी. साहेबाचं लहानपण त्यांच्या वस्तीच्या शेजारी गेलं होतं आणि त्याच्याकडे अशा बारा टोपल्या होत्या. त्या दिवशी उणिवा राहिल्याच. दोन वर्षांनी साहेबाने त्या बारांतली एक मामांना भेट दिली, तीन अटींवर: धुवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, आणि काहीही झालं तरी दुरुस्त करायची नाही.

त्या दिवसापासून मामींच्या शोकेसमधल्या कपबश्या खोक्यात गेल्या. काचेच्या कपाटाच्या मधल्या कप्प्यात परातीएवढी ती टोपली एकटीच विराजमान झाली, आणि हॉलचा एसी बारा महिने एकाच आकड्यावर राहू लागला. मामी नर्स होत्या. वॉर्डातल्या पेशंटचं घेत नाहीत इतक्या वेळा घरात हे टोपलीचं तापमान घेतात, असं त्या म्हणत आणि डिसेंबरातही शाल पांघरून टीव्ही बघत. येणाऱ्या प्रत्येकाला सोफ्यावर बसायच्या आधी व्याख्यान ऐकावं लागे. विलो नावाचं, आपल्याकडच्या वाळुंजाच्या जातीतलं झाड. त्याच्या तीन काड्या एकत्र धरून त्यांचं वेटोळं घालत जायचं आणि त्याच झाडाच्या चिरलेल्या पट्टीने टाके घालत ते आवळायचं. काळी नक्षी रंगवलेली नाही, बरं का. 'सैतानाचं नख' म्हणून एक आकडेदार शेंग असते, तिची साल जात्याच काळी. ती भिजवून, चिरून विणतात, म्हणून शंभर वर्षांनी काळं ते काळंच. या टोपल्यांपायी वेडे झालेले संग्राहक जगभर आहेत. ते बोटभर जागेत किती टाके बसलेत ते मोजतात, बुडातली काळी टिकली बरोबर मध्यावर आहे का ते पाहतात. ओझं वाहायच्या टोपल्यांना चामड्याच्या झालरी आणि त्यांच्या टोकांना पत्र्याचे शंकू असतात, बाई चालायला लागली की ते किणकिणतात. त्या किणकिणीसाठी ही माणसं विमानं बदलत हजारो मैल जातात. त्यांना डागडुजी चालत नाही. वापरल्याच्या खुणा मात्र लागतात, फक्त तो वापर दुसऱ्या कोणीतरी पूर्वीच केलेला हवा. इतकं सगळं सांगून मामा जरा थांबत आणि मग पाहुण्याला पाणी विचारत.

मला हे सगळं हसण्यावारी न्यायची सवय झाली होती. एका शुक्रवारी आम्ही दोन्ही घरं मिळून एशियन टाउनच्या बाजारात गेलो होतो. बाकीचे आत खरेदीला गेले आणि मामा न् मी बाहेर चहा घेत बाकावर बसलो. समोरून बायकामुलांना व्हिडिओवर बाजार दाखवत कामगार चालले होते. मामा एकदम म्हणाले, "ऑफिसच्या फॉर्मवर मी आईवडिलांचा व्यवसाय 'बिझनेस' लिहिलाय." मी म्हटलं, मग? तर म्हणाले, "कराडजवळ आमची बुरूड आळी. आई सुपं, टोपल्या, रोवळ्या विणायची. वडील लवकर गेले. चार पोरांची शिक्षणं तिने कळक चिरून केली." कळक म्हणजे बांबू. मामा सात वर्षांचे असताना आई पाणी भरायला गेलेली पाहून तिच्या जागी बसले आणि तिची अर्धी राहिलेली दुरडी पुढे विणू लागले. आईने परत येऊन ती त्यांच्या हातून हिसकली आणि सांगितलं, पुन्हा कळकाला हात लावलास तर हात मोडीन. त्यांनी पुन्हा लावला नाही. ते इंजिनियरिंगचा डिप्लोमा झाले, परदेशी आले, आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या मनात एकच इच्छा उरली. आईच्या हाताखाली बसून एक टोपली विणायची, बुडापासून काठापर्यंत. "ती शिकवत नाही," ते म्हणाले. "दर सुट्टीत विचारतो. नाहीच म्हणते. ऐंशीला आली आता." तेव्हापासून टोपली उपडी करणाऱ्या मामांना मी हसले नाही असं नाही, पण ते हसणं बदललं.

त्या वर्षी हिवाळ्यात मामांच्या आई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आजी, व्हिजिट व्हिसावर तीन महिन्यांसाठी आल्या. लहानखुऱ्या, नऊवारी, आणि बोटं अशी की दोन पेरं कधीच सरळ होत नसत. मामांनी एअरपोर्टवरून आणल्या आणल्या त्यांना कपाटासमोर उभं केलं. आजींनी काचेत आपलं प्रतिबिंब बघून पदर सारखा केला आणि आत जाऊन झोपल्या. पंधरा दिवस त्यांनी त्या टोपलीकडे नजर टाकली नाही. मामांना ते फार लागलं. जगातल्या मोठमोठ्या लोकांनी बुरूडकाम काचेत ठेवलंय, एवढंच त्यांना आईला दाखवायचं होतं.

मग एक दिवस आम्ही सगळे चहाला बसलो असताना आजी आपण होऊन उठल्या. "काड बगू ती भाईर," म्हणाल्या. मामांनी हात कोरडे करून टोपली काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली. आजींनी ती उलटी केली. मामांना ही खोड कुठून आली ते मला तेव्हा कळलं. बुडापासून काठाकडे त्या नुसतं बोट फिरवत गेल्या, डोळे जवळजवळ मिटलेले.

"डावखुरी हाय बाई," त्या म्हणाल्या. "येटोळं उलट्या अंगानं गेलंय."

मामांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. बोट पुढे सरकत सरकत एका जागी थांबलं.

"इथं उठलीय."

"कोण?" मी विचारलं.

"इणनारी. इथवर हात येक हाय, इथनं फुडं दुसरा. पोर रडलं आसंल, न्हाईतर कुनी हाळी घातली आसंल. उठलीय, आन मग येऊन बसलीय. मन लागलं न्हाई तिचं वाईच, हे बग, चार टाकं ढिलं हाईत. फुडं परत लागलंय."

मामांनी भिंग आणलं. चार टाके ढिले होते. साहेबाने, त्याच्या आधीच्या मालकाने, कोणीच ते पाहिले नव्हते. मामा भिंग हातात धरून खालीच बसले, आईच्या पायांशी. "आई, मला शिकव," ते म्हणाले. आजींनी टोपली त्यांच्या हातात दिली. "शिकून सायब झालास तेवढं बास हाय," म्हणाल्या आणि चहाच्या कपबश्या उचलून आत गेल्या.

आता माझा अपराध सांगते. पुढच्या गुरुवारी सकाळी आजी माझ्या दारात आल्या. मामा ऑफिसात, मामी ड्यूटीवर. "पोरी, वाटीभर मेथी दे. आन जुनी वर्तमानपत्रं आसली तर दे." मला वाटलं, म्हातारीला मेथीचे लाडू करायचे असतील आणि कागद ओट्यावर घालायला हवे असतील. मी मेथ्या दिल्या, वर आठवडाभराचे पेपर दिले, आणि गूळ हवा का म्हणून विचारलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, साहेब जेवायला येणार होता. तो आता निवृत्त होऊन अ‍ॅरिझोनाला परत चालला होता आणि जाण्याआधी त्याला टोपली पुन्हा एकदा पाहायची होती, मामांच्या आईंना भेटायचं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला मामांकडून काहीच आवाज येईना. त्या घरात पाहुणा यायचा असला की मामांच्या सूचना आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायच्या. मी चप्पल न घालताच गेले.

बाल्कनीत ती टोपली उपडी ठेवलेली होती. तिला आतून-बाहेरून, काठासकट, मेथी आणि कागदाच्या लगद्याचा लेप दिलेला. आपल्याकडे नवं सूप किंवा नवी टोपली आणली की देतात तसाच, एकसारखा, बोटांनी सपाट केलेला. आदल्या दिवशी मामा-मामी घरी यायच्या आत आजींनी ते उरकलं होतं आणि टोपली बाल्कनीत वाळत ठेवली होती. मामा रात्री उशिरा आले होते; कपाट रिकामं आहे हे त्यांच्या सकाळी लक्षात आलं. लगद्यात कुठे कुठे अजून इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. काळी नक्षी पार गडप झालेली. मामा बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसले होते आणि ओरडत नव्हते, ते मला जास्त भीतिदायक वाटलं.

"काठ फुटाय लागला व्हता," आजी मला सांगत होत्या. काहीतरी बिघडलंय हे त्यांना कळलं होतं, पण काय चुकलं ते कळत नव्हतं. "ह्याच्या त्या गार यंत्रानं वाळवून वाळवून मारली टोपली. दोन ठिकानी तडा गेल्ता. मेथी लावली की दहा वर्सं बगाय नको."

"मेथी मी दिली, मामा," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्या क्षणी मला पृथ्वीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

साहेब वेळेवर आला. मामांनी काही लपवलं नाही, त्याला सरळ बाल्कनीत नेलं. तो टोपलीजवळ उकिडवा बसला. नखाने एका जागी लगदा हलकेच खरवडून पाहिला आणि थांबला. हा काढायला गेलं तर खालचे टाके सुटतील, म्हणाला. मग म्हणाला, संग्राहक म्हणून विचाराल तर ही संपली. आता कोणतंही म्युझियम हिला हात लावणार नाही. मामांनी आईला ते मराठीत सांगितलं, शब्द न गाळता.

आजींनी ऐकून घेतलं. "म्हंजे आता वापरता यील," त्या म्हणाल्या.

मामांनी तेही शब्द न गाळता इंग्रजीत सांगितलं. साहेब हसला नाही. त्याच्याकडच्या काही बाया पाण्याच्या टोपल्यांना झाडाचा चीक तापवून लावतात, गळू नये म्हणून, असं काहीसं तो पुटपुटला. आजींनी मग त्याला विचारायला सांगितलं, हिच्या इणनारीचं नाव काय? साहेबाला माहीत नव्हतं. टोपलीबरोबरच्या कार्डावर जमातीचं नाव होतं, अंदाजे काळ होता, टाक्यांची संख्या होती. बाईचं नाव नव्हतं.

"नाव न्हाई म्हाईत," आजी म्हणाल्या, "आन काचंत ठिवता."

हे वाक्य मामांनी भाषांतर केलं नाही. ते साहेबाकडे वळले आणि इंग्रजीत बोलू लागले. मी फॉर्मवर बिझनेस लिहिलं ते खोटं होतं, म्हणाले. माझी आई बुरूड आहे. बांबूच्या टोपल्या विणते. तिच्या टोपल्यांवर मी शिकलो, आणि हे मी या देशात आजवर कोणत्याही साहेबाला सांगितलं नाही. मग त्यांनी आईचं नाव सांगितलं, माहेरच्या आणि सासरच्या आडनावासकट. त्या सगळ्या इंग्रजीत आजींना दोनच गोष्टी कळल्या, आपलं नाव आणि 'बुरूड' हा शब्द. त्या एकदम खुर्चीत बसल्या. साहेबाने हात जोडले, नीट जोडले, आणि तुम्ही आयुष्यात किती टोपल्या केल्या असतील असं आजींना विचारलं. "पोटाला लागल्या तेवड्या," आजी म्हणाल्या. नंतर आम्ही जेवलो. पोळ्या मी आणलेल्या डब्यातून वाढल्या आणि कोणीच काही उलटं करून पाहिलं नाही.

साहेब गेल्यावर आजी मामांना म्हणाल्या, "तुला लाज वाटंल म्हून शिकवलं न्हाई. मानसं हसत्याली, पोराला खाली बगाय लागंल. आता तूच चारचौगांत बोललास. तर मग बस." मामांनी विचारलं, कळक कुठून आणायचा इथे? "कळकाला हात लावू देनार न्हाई म्हनले ते म्हनले," आजी म्हणाल्या. "दुसरं कायतरी आन."

दुसऱ्या दिवशी मामा साइटवर गेले आणि पॅकिंगच्या पट्ट्या घेऊन आले. छताच्या सामानाची खोकी ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेली असतात, त्या. निळ्या, पिवळ्या, काळ्या, ढिगाने. स्टोअरमध्ये रत्नागिरीचे एक चाचा होते, ते म्हणाले, "यल्ला मामा, चला, सगळ्या न्या, कचऱ्यातच जायच्या आहेत." आणि मग बाल्कनीत, त्या मेथीच्या टोपलीशेजारी, ऐंशीची आई आणि पंचावन्नचा मुलगा समोरासमोर मांडी घालून बसू लागले. मामा चुकले की आजी काही न बोलता त्यांच्या हातातून पट्टी काढून घेत, विणलेलं उसवत आणि पुन्हा हातात देत. एक बूड त्यांनी अकरा वेळा उसवलं. ऑफिसात दुसऱ्यांची ड्रॉइंग लाल शाईने रंगवणारा माणूस रोज संध्याकाळी स्वतः उसवून घ्यायला धावत घरी यायचा. इतके आनंदात मामा मला कधी दिसले नव्हते. मेथीच्या टोपलीत आजी कांदे ठेवायला लागल्या आणि मामांनी हॉलचा एसी बंद केला.

टोपली अर्धी झाली आणि व्हिसा संपला. आजींना निघायचं त्या दुपारीही दोघं विणत बसली होती. मामी खालून फोन करत होत्या, टॅक्सी थांबलीय म्हणून. मामा पट्टी तशीच सोडून उठले. आजी पुन्हा आल्या नाहीत. तब्येतीमुळे जमलं नाही, आणि नंतर तर यायचा प्रश्नच राहिला नाही. स्टेडियम पूर्ण झालं, त्याचे फोटो सगळीकडे झळकले, आणि ज्यांनी ते बांधलं त्यांची कामं एकेक करून संपत गेली. किकऑफच्या काही महिने आधी मामांनाही निरोप मिळाला. सामान बांधताना अपाची टोपली त्यांनी हातातल्या बॅगेत घेतली, कांद्याची सालं न झटकता.

पट्ट्यांची टोपली त्यांनी मला दिली. "मेथीचं देणं होतं," एवढंच म्हणाले.

ती आमच्या जेवणाच्या टेबलावर असते, पोळ्यांना. परवा रिकामी झाल्यावर मी ती सहज उलटी केली आणि बुडापासून वर बोट फिरवत गेले. निळी पट्टी, पिवळी पट्टी, सगळं एकसारखं, एका हातचं. अर्ध्यावर बोट थांबलं. चार टाके ढिले होते. इथं उठलेत मामा. आईला एअरपोर्टवर पोचवून घरी आलेत, आणि येऊन एकटे बसलेत. त्याच्या पुढची वीण घट्ट आहे, काठापर्यंत, लागते त्यापेक्षा जरा जास्तच घट्ट, कारण ती उसवायला समोर कोणी नव्हतं.